स्वस्तातलं रिव्हॉल्व्हर घेतलं तर बिघडलं कुठं? आणि कमरेला लावून मिरवणाऱ्यांचं काय करायचं?

नगररोड_पंपवाला

नमस्कार मंडळी. आमचा शिक्रापूरच्या पुढं पेट्रोल पंप आहे, वडिलांनी उभा केलेला, आता मी बघतो. बँकेला लागून सुट्ट्या आल्या की दोन-दोन तीन-तीन दिवसांची कॅश साठते आणि रात्री उशिरा घरी जायला लागतं, म्हणून शस्त्र परवान्याचा अर्ज केला होता. आमचा भाग ग्रामीणमध्ये येतो त्यामुळं कलेक्टर ऑफिस, पोलीस स्टेशनची चौकशी, सगळं रीतसर होऊन परवाना हातात आलाय. आता हत्यार घ्यायचंय आणि तिथंच गाडी अडलीय.

मला कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२ मापाच्या नळीचं रिव्हॉल्व्हर घ्यायचंय. नवीन, बिलासकट, डोक्याला ताप नाही. पण माझा मामेभाऊ प्लॉटिंगच्या धंद्यात आहे, त्याच्याकडं जुनं इम्पोर्टेड स्पॅनिश पिस्तूल आहे, कुणा म्हाताऱ्या बागायतदाराकडून काही लाख मोजून परवान्यावर चढवून घेतलेलं. तो म्हणतो असलं स्वस्तातलं घेऊ नको, चारचौघात काढलंस तर लोक हसतील, घ्यायचं तर असं घे की टेबलावर ठेवलं तरी समोरचा खाली बसला पाहिजे. वडील पण आता त्याच्या बाजूनं बोलायला लागलेत, म्हणतात एकदाच घ्यायचंय तर चांगलं घे.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. हाच भाऊ हळदीला नाचताना शर्ट वर जाईल असाच नाचतो म्हणजे कमरेचं दिसावं, खंडेनवमीला पूजेचा फोटो टाकला त्यात मधोमध पिस्तूल, बाजूला फॉर्च्युनरची चावी आणि कडं, वर स्टेटसला डायलॉग. आमच्या गावातली बारावीची पोरं त्याच्या मागं फिरतात, त्यातल्या एकानं मला पंपावर येऊन विचारलं की दादा गावठी पिस्तूल कितीला मिळतं. तेव्हापासून झोप नाही नीट.

तर जाणकारांनी सांगा, स्वस्त म्हणजे खरंच भंगार असतं का, लाखांचं आणि कमी किमतीचं यात कामाचा फरक किती आणि दिखाव्याचा किती, आणि या मिरवण्याला कायद्यात काही आहे का नाही. भावाशी भांडायचं नाहीये मला, समजावून सांगायचंय, म्हणून नीट माहिती पाहिजे.

---

कसब्यातला_जुना_परवाना

पंपवाले दादा, तुमचा प्रश्न आवडला कारण लोक हे उघड विचारतच नाहीत, गुपचूप कुणाचं तरी ऐकून पैसे घालवून बसतात. आमच्या घरात आजोबांपासून परवाना आहे म्हणून थोडं सांगतो.

पहिली गोष्ट, आपल्याकडं हत्याराची किंमत आणि हत्याराचा दर्जा यांचा संबंध फार कमी आहे. ऐंशीच्या दशकात सामान्य माणसासाठी परदेशी पिस्तुलांची आयात बंद झाली, त्याआधी जी आली तीच आजपर्यंत या परवान्यावरून त्या परवान्यावर फिरतायत. माल मोजका आणि घेणारे वाढलेले, म्हणून भाव लाखांत. तुमच्या भावाचं स्पॅनिश पिस्तूल घ्या. लामा, अस्त्रा ही स्पेनची नावं, ती त्या काळात युरोप-अमेरिकेत परवडणारी पिस्तुलं म्हणूनच विकली जायची. त्याच्याही आधी पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याला पिस्तुलं कमी पडली तेव्हा स्पेनच्या ऐबार गावातल्या छोट्या-मोठ्या वर्कशॉपांनी रुबी नावाचं .३२ चं साधं पिस्तूल ढिगानं बनवून दिलं होतं, काही चांगली निघाली काही अगदीच कच्ची. म्हणजे आपल्याकडं आज ज्यावर लाख मोजून मिशीला पीळ देतात ते मूळ ठिकाणी कमी पैशातलंच हत्यार होतं. वाईट होतं असं मी म्हणत नाहीये, बरीच स्पॅनिश पिस्तुलं उत्तम चालतात, पण लाख रुपये आयात बंद असल्याचे आहेत, पोलादाचे नाहीत.

दुसरं, जुन्या पिस्तुलाचं स्प्रिंग गेलं, फायरिंग पिन तुटली, मॅगझिनचे ओठ वाकले, तर पार्ट आणायचा कुठून? कंपनीच बंद पडलेली असते. मग कुणीतरी घासून बनवून देतो आणि ते कधी दगा देईल सांगता येत नाही. कानपूरच्या रिव्हॉल्व्हरचं हे टेन्शन नाही. मधून मोडून उघडतं, सहा घरं, आत काडतूस आहे का नाही एका नजरेत कळतं, नवख्या माणसाला याच्यासारखं सोपं काही नाही. हां, चाप जड आहे आणि वजनही हातात जाणवतं, ते आहेच. पण रात्री घाबरलेल्या माणसाच्या हातात थोडा जड चाप असलेलाच बरा असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि .३२ म्हणजे बारकं म्हणून नाक मुरडणारे भेटतील. ९ एमएम, .३८, .४५ ही आपल्याकडं प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या नळीच्या मापांत येतात, साध्या परवान्यावर मिळतच नाहीत, तेव्हा ती तुलना करण्यात अर्थ नाही. .३२ लाँग हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला आलेलं, धक्का कमी आणि नेम चांगला.

२०१४ ला कानपूरनंच महिलांसाठी म्हणून निर्भीक काढलं होतं, अर्धा किलो वजनाचं, तेच .३२, किंमत १ लाख २२ हजारांच्या वर. तेव्हा सगळीकडं ओरड झाली की एवढं महाग कोण घेणार, ज्या बाईला रात्रपाळी करून लोकलनं किंवा बसनं घरी जायचंय तिचा वर्षाचा पगार. मला ती ओरड बरोबर वाटली होती आणि अजून वाटते. स्वसंरक्षण ही जर गरज असेल तर ती फक्त श्रीमंताची गरज कशी काय? आता तर २०२५ च्या सप्टेंबरपासून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवरचा जीएसटी २८ वरून थेट ४० टक्के झालाय, चैनीच्या वस्तूंच्या रांगेत नेऊन बसवलंय. ज्याला मिरवायचंय तो ४० टक्के हसत भरतो, अडतो तो तुमच्यासारखा.

---

मावळपट्टा

माफ करा पण मला थोडं वेगळं बोलायचंय. शहरात बसून दिखावा वाईट म्हणणं सोपं आहे. आमच्या भागात जमिनीचे भाव काय झालेत माहितीये ना, सकाळी उठून बघावं तर आपल्या बांधावर कुणाचंतरी कंपाउंड पडलेलं असतं, दहा गाड्या येतात, तीस पोरं उतरतात, आणि पोलिसांना फोन केला तर ते येईपर्यंत जेसीबीचं काम उरकलेलं असतं. अशा वेळी माणसाकडं हत्यार आहे हे समोरच्याला माहीत असणं हीच अर्धी सुरक्षा. गोळी चालवायची वेळच येऊ नये म्हणून तर दाखवायचं. मी स्टेटसला टाकत नाही, हळदीत नाचत नाही, पण परवाना आहे हे चार लोकांना कळलं पाहिजे या मताचा मी आहे. आणि हो, भारीतलं दिसलं की वचक जास्त बसतो, हा अनुभव आहे.

---

कोथरूडची_वकील

मावळपट्टा दादा, तुमची अडचण खरी आहे, बांधावरचे वाद मी रोज कोर्टात बघते त्यामुळं हलक्यात घेत नाहीये. पण "दाखवायचं" या एका गोष्टीत तुम्ही स्वतःचंच नुकसान कराल म्हणून सविस्तर लिहिते.

२०१६ च्या शस्त्र नियमांमध्ये सार्वजनिक ठिकाणी हत्यार कसं न्यायचं ते स्पष्ट लिहिलंय. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये पाहिजे, आणि हातात घेऊन नाचवणं, उगारणं, हवेत फोडणं याला बंदी आहे. परवान्याच्या अटी मोडल्या तर शस्त्र कायद्याच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते, शिवाय कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. हा रद्द होण्याचा भागच जास्त लागतो माणसाला, कारण एकदा रद्द झालेला परवाना परत मिळवणं म्हणजे वर्षानुवर्षांचे हेलपाटे.

लग्नात, वरातीत, देवळात, कुठल्याही समारंभात हौसेनं गोळीबार केला तर २०१९ च्या दुरुस्तीनं तो स्वतंत्र गुन्हाच झालाय. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. इजा कुणाला झालीच पाहिजे असं नाही, निष्काळजीपणानं दुसऱ्याच्या जीवाला धोका निर्माण केला एवढं पुरतं. याच दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतील असं झालं आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली.

आता बांधावर दाखवण्याचं. जुलै २०२४ मध्ये मुळशीतल्या जमिनीच्या वादातला एक व्हिडिओ देशभर फिरला, एक बाई हातात पिस्तूल घेऊन शेतकऱ्याशी बोलतायत. घटना आधीची होती, पण व्हिडिओ बाहेर आल्यावर गुन्हा दाखल झाला, अटक झाली, परवान्यावर कारवाई सुरू झाली. जमिनीचे कागद कुणाच्या बाजूनं होते हा प्रश्न मग कुणी विचारतच नाही. आज समोरच्या तीसही पोरांच्या हातात कॅमेरा आहे, तुम्ही फक्त शर्ट बाजूला केलात तरी पुढचा सगळा दावा तुमच्या विरोधात उभा राहतो, आणि ज्यांनी कंपाउंड घातलं ते फिर्यादी होतात. जमीन वाचवायची तर मोजणी, मनाईहुकूम, सातबारावरच्या नोंदी, सीसीटीव्ही, हे कंटाळवाणं वाटतं पण टिकतं.

आणि वचक बसतो म्हणता, त्याच्या उलटही होतं. हत्यार आहे हे कळलं की समोरचा तयारीनं येतो. जानेवारी २०२४ ला आमच्या कोथरूडमध्ये भरदिवसा एका नामचीन गुंडाला गोळ्या घातल्या, त्या घालणारे त्याच्याच सोबत फिरणारे होते. दहशत, पोरांचा ताफा, सगळं होतं, काय उपयोग झाला?

पंपवाले दादा, तुमच्या भावाच्या स्टेटसबद्दल. परवान्याचं हत्यार मित्राच्या हातात फोटोसाठी देणं हाही त्रासाचा विषय आहे हे त्याला मुद्दाम सांगा, परवाना माणसाच्या नावावर असतो, घोळक्याच्या नाही. पुण्यात सोशल मीडियावर पिस्तूल-कोयते दाखवणाऱ्यांवर पोलिसांचं लक्ष असतं आणि रोज कुणी ना कुणी उचलला जातो, वाढदिवसाला तलवारीनं केक कापणारे सुद्धा. बीडमध्ये २०२४ च्या शेवटी सरपंचांच्या खुनानंतर हवेत गोळीबार करतानाचे, कमरेला पिस्तूल लावलेले व्हिडिओ बाहेर आले आणि परवान्यांची छाननी होऊन कितीतरी रद्द झाले. पंजाब सरकारनं तर नोव्हेंबर २०२२ मध्येच सोशल मीडियासकट हत्यारांच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी घातली. त्यामुळं आज स्टेटस आहे म्हणजे उद्या पुरावा आहे असंच समजा.

त्या बारावीच्या मुलाबद्दल मात्र वाट बघू नका. विनापरवाना गावठी जवळ सापडलं तर कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि अठरा पूर्ण झाले असतील तर कुणी लहान म्हणून सोडणार नाही. त्याच्या आईवडिलांशी बोला, आजच.

---

ओहायोतला_पुणेकर

मूळचा सहकारनगरचा, गेली बरीच वर्षं अमेरिकेत ओहायो राज्यात आहे. इथला अनुभव सांगितला तर उपयोग होईल कारण तुमचा वाद इथं अर्धं शतक चाललाय.

इथून गाडीनं जाण्यासारख्या अंतरावर मॅन्सफील्ड गाव आहे, तिथं हाय-पॉइंट नावाची पिस्तुलं बनतात. ९ एमएमचं साधारण दोनशे डॉलरला, म्हणजे नावाजलेल्या कंपनीच्या अर्ध्याहून कमी किमतीत. स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव, आत लॉकिंगची भानगड नाही, नुसत्या स्लाइडच्या वजनावर आणि स्प्रिंगवर मागचा धक्का सांभाळायचा, म्हणून स्लाइड जाडजूड आणि अख्खं पिस्तूल ओबडधोबड दिसतं. रेंजवर लोक हसतात. पण कंपनी आयुष्यभराची वॉरंटी देते, आणि तुम्ही दुसऱ्याकडून जुनं घेतलं असलं तरी देते. माझ्या ओळखीत गोदामात रात्रपाळी करणारे लोक आहेत ज्यांच्याकडं हेच आहे, कारण भाडं भरून तेवढेच उरतात. त्यांना हसणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. बरेच हसणारे आपलं हजार डॉलरचं पिस्तूल फोटोपुरतं काढतात.

पण म्हणून स्वस्त ते सगळं चांगलं असंही नाही, ही बाजूही सांगायला पाहिजे. १९६८ च्या कायद्यानं अमेरिकेत स्वस्त छोटी पिस्तुलं बाहेरून आणायला अडवलं, पण देशात बनवायला अडवलं नाही. मग १९७० पासून लॉस एंजेलिसच्या आसपास रेव्हन, जेनिंग्ज, डेव्हिस, लॉर्सिन, ब्रायको अशा कंपन्या निघाल्या, बहुतेक एकाच घराण्याच्या नात्यागोत्यातल्या, आणि खिशात मावणारी जस्ताची पिस्तुलं लाखांनी बाजारात आली. नव्वदच्या दशकात गुन्ह्यांत सापडलेल्या हत्यारांचा माग काढला की लॉर्सिन, रेव्हन ही नावं वरच्या रांगेत असायची. त्यातल्या काहींची रचनाच धोक्याची होती. ब्रायकोच्या एका मॉडेलला सेफ्टी लावलेली असताना स्लाइड मागे जायची नाही, म्हणजे आतली गोळी काढायची तर सेफ्टी उघडायलाच लागायची. १९९४ ला कॅलिफोर्नियात असंच रिकामं करताना गोळी सुटली आणि सात वर्षांच्या मुलाच्या मानेत लागून तो कायमचा अधू झाला. २००३ ला ज्युरीनं कंपनीच्या विरोधात निकाल दिला आणि कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली.

यातून कॅलिफोर्नियानं जे केलं ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. १९९९ चा कायदा झाला आणि २००१ पासून लागू झाला, त्यात किमतीचं नाव नाही, पिस्तूल खाली पाडून बघायचं आपोआप उडतं का, आणि ठराविक गोळ्या न अडकता झाडतं का, सेफ्टी आहे का. पास झालं तर विका, स्वस्त असो नाहीतर महाग. मला विचाराल तर स्वस्त-महाग हा प्रश्न असाच सोडवायला पाहिजे.

स्वस्ताईचं टोक म्हणाल तर दुसऱ्या महायुद्धातलं लिबरेटर. १९४२ ला जनरल मोटर्सच्या गाड्यांचे दिवे बनवणाऱ्या विभागानं इंडियाना राज्यात पत्रे दाबून काही महिन्यांत सुमारे दहा लाख बनवले, एकाची किंमत अडीच डॉलरच्या आत. एका वेळी एकच गोळी, नळीत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पीळदार खाचा, नाहीत. कल्पना अशी की शत्रूच्या ताब्यातल्या देशांत लोकांना टाकायचे, त्यांनी जवळून एक गोळी झाडून सैनिकाची चांगली बंदूक घ्यायची. प्रत्यक्षात फारच थोडे वाटले गेले, बाकीचे नंतर वितळवून टाकले.

मिरवण्याबद्दल, इथं काही राज्यांत उघड लावून फिरणं कायदेशीर आहे आणि तरीही जी माणसं खरी सराईत आहेत ती लपवूनच नेतात. किराणा दुकानात मोठं पिस्तूल लटकवून फिरणाऱ्याकडं लोक आदरानं बघत नाहीत, मुलांना घेऊन बाजूला होतात.

---

खडकी_निवृत्त

चर्चा वाचली. मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालो, ज्याला जुने लोक अजून किर्की म्हणतात आणि काडतुसाच्या बुडाला केएफ असा शिक्का असतो तो त्याच किर्कीचा. १८६९ पासूनचा कारखाना आहे. सगळे हत्याराच्या किमतीवर बोलतायत, काडतुसावर कुणीच नाही म्हणून लिहितो.

.३२ लिहिलं म्हणून सगळी काडतुसं एक नसतात. रिव्हॉल्व्हरचं .३२ लाँग वेगळं, त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, पिस्तुलाचं .३२ म्हणजे ७.६५ वेगळं. एकाचं दुसऱ्यात घालायचा प्रयोग करू नका. काडतुसं परवान्यावर लिहिलेल्या आकड्याइतकीच, परवाना असलेल्या दुकानातून आणि पावतीनं. लोक काय करतात, लाखाचं हत्यार घेतात आणि वडिलांच्या काळातली हिरवी पडलेली काडतुसं भरून ठेवतात. चाप ओढल्यावर नुसता टिक आवाज आला तर लगेच उघडून बघू नका, नळी मोकळ्या दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, उशिरा पेटणारं काडतूस असतं तसलं.

गावठीबद्दल तळमळीनं सांगतो. कारखान्यात बनलेल्या हत्याराची नळी नेहमीपेक्षा जास्त दाबाच्या काडतुसानं तपासतात आणि मग त्यावर प्रूफचा शिक्का बसतो. पाईप नाहीतर गाडीच्या स्टिअरिंगचा रॉड कापून केलेल्या नळीला ही परीक्षा कोण देणार? पहिली गोळी सुटते म्हणून पोरं खूश होतात आणि पुढच्या कुठल्यातरी गोळीला मागचा भाग फुटून बोटं जातात, डोळा जातो. असल्या गावठीवर इंग्रजीत अमेरिकेचं नाव कोरलेलं असतं, ते नाव कोरणारा मध्य प्रदेशात बसलेला असतो. पुणे पोलिसांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये थेट बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीत जाऊन भट्ट्या मोडल्या, इतकी पुण्यात येणारी पिस्तुलं तिथून निघत होती. तुमच्या त्या मुलाला स्वस्त मिळेलही, पण त्याला स्वस्त म्हणू नका.

---

बालेवाडी_दहा_मीटर

काका, अगदी बरोबर. मी बालेवाडीच्या रेंजवर एअर पिस्तूल नेमबाजी करते, स्पर्धा खेळते, त्यामुळं माझा मुद्दा सरावाचा.

एअर पिस्तूलच्या टार्गेटवरची दहाची रिंग साडेअकरा मिलिमीटरची असते, दहा मीटरवरून एका हातानं मारायची, चापाचं वजन किमान ५०० ग्रॅम. ऐकायला सोपं वाटतं. रेंजवर पहिल्यांदा येणारे परवानाधारक दादा लोक, घरी भारीतलं पिस्तूल असलेले, त्यांचे छर्रे कागदाच्या कडेला सुद्धा लागत नाहीत, आणि हे शांत खोलीत, समोर कोणी नसताना. रात्री अंधारात, समोर माणूस, मागे पंपाची टाकी, तेव्हा काय होईल विचार करा. पंपवाले दादा, तुमच्या बाबतीत तर हा विचार सगळ्यात आधी करायला पाहिजे, पेट्रोल पंपावर गोळी झाडणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून हत्यार प्रवासासाठी समजा, पंपावर ते कपाटातच.

माझा सल्ला, रिव्हॉल्व्हर कानपूरचंच घ्या आणि वाचलेले पैसे शिकण्यात घाला. घरी सरावाला .१७७ चं साधं एअर पिस्तूल आणा, २० ज्यूलच्या आतलं असेल तर त्याला परवाना लागत नाही, आपल्याकडं भारतीय बनावटीची परवडणारी मिळतात. श्वास, पकड, चाप सरळ मागे ओढणं, हे सगळं त्यावर बसतं.

आणि त्या मुलांना रेंजवर घेऊन या. मी मनापासून सांगते. राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलला सुवर्ण आणलं, कोल्हापूरची मुलगी. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये रायफलला ब्राँझ आणलं, रेल्वेत तिकीट तपासनीस होता आणि सराव इथं बालेवाडीतच केलाय. बंदुकीनं नाव काढायचंच असेल तर पोरांना हा रस्ता कुणीतरी दाखवायला पाहिजे, तुमच्या गावात सध्या एकच रस्ता दिसतोय त्यांना. इथं पहिल्या दिवशी बंदूक हातात देतच नाहीत, आधी नियम, नळी कायम टार्गेटकडं, बोट चापाच्या बाहेर, कुणाकडं गंमत म्हणून जरी नळी वळली तरी बाहेर काढतात.

---

मावळपट्टा

वकील ताई, तुमचं वाचलं नीट. मुळशीच्या प्रकरणाचं मी असं बघितलं नव्हतं. वचक बसतो हे माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, आमच्याकडची परिस्थितीच तशी आहे, पण बांधावर जाताना नेणार नाही एवढं मान्य. मनाईहुकूमासाठी काय कागद लागतात त्यावर वेगळा धागा काढाल का, फार लोकांना उपयोग होईल.

---

कोथरूडची_वकील

काढते. मोजणीची नोटीस, फेरफार आणि गट नकाशा तोपर्यंत हाताशी ठेवा.

---

नगररोड_पंपवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. वडिलांना कसब्यातल्या दादांचं स्पॅनिश पिस्तुलाचं वाचून दाखवलं, ते म्हणाले मग आपण लाख कशाला घालवायचे, तुला पाहिजे ते घे. भावाला वकील ताईंचा प्रतिसाद पाठवला, त्यानं वाचला, उत्तर नाही दिलं अजून. त्या मुलाच्या वडिलांना भेटून आलो, ते एसटीत आहेत, बिचारे हबकलेच. पोराला रविवारी बालेवाडीला घेऊन येतोय, त्याच्यासोबतचे आणखी दोघं पण तयार आहेत, ताई, तिथं कुणाला भेटायचं आणि काय कागद लागतात तेवढं सांगा.

आणि काका, दुकानात रिव्हॉल्व्हर घेताना नेमकं काय काय तपासू? मी पहिल्यांदाच घेतोय.

---

बालेवाडी_दहा_मीटर

आधार कार्ड, दोन फोटो आणि आईवडिलांपैकी एकजण सोबत. सकाळी लवकर या, दुपारी लेन भरलेल्या असतात. ऑफिसात नवीन प्रवेशाची चौकशी करा, मी तिथंच असेन.

---

खडकी_निवृत्त

परवान्याचं मूळ पुस्तक ने, झेरॉक्स चालत नाही. रिकामं आहे हे आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघ, दुकानदारानं सांगितलं म्हणून नाही. मग उघडून उजेडाकडं धरून नळीतून बघ, आटे स्वच्छ आणि सलग दिसले पाहिजेत, डाग किंवा फुगवटा नको. घोडा मागे ओढून धरल्यावर सिलिंडर हातानं हलवून बघ, बारीक खेळ चालतो, ढिला नको. सहाही घरं फिरवून प्रत्येक ठिकाणी नीट थांबतंय का बघ. प्रूफचा शिक्का आणि हत्याराचा नंबर बिलावर आणि परवान्यावर एकच आहे ना, एक-एक अक्षर जुळवून घे, तिथं एक आकडा चुकला की दुरुस्तीला पुन्हा कलेक्टर ऑफिस. आणि घरी लोखंडी तिजोरी भिंतीत बोल्ट मारून बसवून मगच हत्यार आण, काडतुसं वेगळ्या कप्प्यात, चावी एकट्या तुझ्याकडं. आचारसंहिता लागली की जमा करायचा आदेश येऊ शकतो, तेव्हा जमा केल्याची पावती जपून ठेव, त्याशिवाय परत मिळायला त्रास होतो.